सारखे आणि एकच



आजचा विषय वरवर पाहता या व्यासपीठाला शोभणारा नाही. येथे राज्यकारभार, अर्थकारण, तत्त्वज्ञान, संगीत अशा भारदस्त विषयांवर भाषणे व्हावयाची. आणि आम्ही मात्र कॉम्प्युटरच्या प्रोग्रॅमला सूचना देणाऱ्या फाइलींविषयी बोलणार, आणि त्यातही एकच मूल्य चार ठिकाणी लिहावे की एका ठिकाणी, एवढ्याच प्रश्नाविषयी. हा प्रश्न कारकुनी वाटेल. वाटू द्या. कारकुनीतली चूक माणसाच्या संसारात किती दूरवर जाते, हे ज्यांनी सातबाऱ्यावर आजोबांचे नाव चुकीचे लागलेले एकदा तरी निस्तरले आहे त्यांस वेगळे सांगावयास नको.

प्रथम ही फाइल म्हणजे काय ते सांगू. रेल्वेचे तिकीट काढताना, बँकेचे पासबुक भरून घेताना किंवा विजेचे बिल मोबाइलवरून भरताना आपण ज्या प्रोग्रॅमशी व्यवहार करतो तो लिहिणाऱ्याने एकदा लिहून ठेवलेला असतो. पण तो कोणत्या यंत्रावर चालावा, माहितीचा साठा कोठे आहे, उत्तराची वाट किती सेकंद पाहावी, नोंदी किती दिवस ठेवाव्यात, या गोष्टी ठिकाणाप्रमाणे आणि काळाप्रमाणे बदलतात. त्या प्रोग्रॅमच्या पोटात न ठेवता बाहेर एका साध्या लेखी यादीत ठेवण्याचा प्रघात आहे. या यादीस कॉन्फिगरेशन फाइल म्हणतात. आपण सोयीसाठी कॉन्फिग फाइल म्हणू. तिची रचना जमाखर्चाच्या वहीसारखी असते. डावीकडे बाब, उजवीकडे तिचे मूल्य. ‘पत्ता’ ही बाब, अमुक यंत्र हे मूल्य. ‘मुदत’ ही बाब, तीस सेकंद हे मूल्य. ज्याला किराण्याची यादी वाचता येते त्याला ही फाइलही पुष्कळशी वाचता येईल.

आता अडचण कोठे येते ते पाहा. समजा, एका नगरपालिकेत पाणीपट्टीचे काम तीन प्रोग्रॅम करतात. एक बिले काढतो, दुसरा पावत्या नोंदतो, तिसरा थकबाकीचा अहवाल तयार करतो. तिघांसही माहितीच्या एकाच साठ्याकडे जावयाचे आहे. म्हणून त्या साठ्याचा पत्ता तिघांच्या बाबींखाली तीनदा लिहिला. पहिल्या दिवशी सारे बरोबर आहे. दोन वर्षांनी साठा नव्या यंत्रावर हलवला जातो. आता हे काम करणारा मनुष्य दुसरा आहे. त्याने बिलांखालचा पत्ता बदलला, पावत्यांखालचा बदलला. अहवालाचा भाग मात्र दोनशे ओळींच्या खाली, फाइलीच्या तळाशी होता, तो राहून गेला. जुने यंत्र अजून बंद केलेले नाही. त्यामुळे अहवाल रोज निघतो, छापला जातो, सही होऊन वर जातो. तो निघतो मात्र जुन्या साठ्यावरून. मग ज्याने मार्चमध्ये पाणीपट्टी भरली त्याचे नाव मे महिन्यात थकबाकीदारांत येते, आणि नळ तोडण्याची नोटीस त्याच्या दाराला चिकटते. पावती खिशात असलेल्या माणसाला खिडकीवरचा कारकून म्हणतो, “कॉम्प्युटरमध्ये तसे दिसत नाही.”

या चुकीचा स्वभाव नीट ध्यानात घ्यावा. फाइल पुन्हा पुन्हा वाचली तरी तिच्यात एकही ओळ चुकीची दिसत नाही. जुना पत्ता हाही एका खऱ्या, चालू यंत्राचाच पत्ता आहे. चूक कोणत्याही ओळीत नाही. ती दोन ओळींमधल्या नात्यात आहे, आणि ते नाते कागदावर कोठेच लिहिलेले नव्हते. हे तीन पत्ते वस्तुतः एकच आहेत, ही गोष्ट पहिल्या माणसाच्या डोक्यात होती. तो बदली होऊन गेला, आणि नातेही त्याच्याबरोबर गेले. मूल्य दोन ठिकाणी लिहिले की आज ना उद्या त्याची दोन मूल्ये होतात, असे या धंद्यातले लोक म्हणतात ते याच अनुभवाने.

या दुखण्यावरचा उपाय नवा नाही. आपल्या कागदोपत्री व्यवहारात तो फार जुना आहे. घराचे खरेदीखत घ्या. त्याच्या आरंभी विकणाऱ्याचे नाव, वय, धंदा, राहण्याचे ठिकाण हे सर्व एकदा सविस्तर लिहितात आणि त्याला ‘लिहून देणार’ अशी संज्ञा देतात. घेणारा तो ‘लिहून घेणार’. मालमत्तेचे वर्णन चतुःसीमांसह एकदाच येते. पुढे सर्वत्र ‘सदर मिळकत’. दस्त वीस पानांचा असला तरी चतुःसीमा पुन्हा लिहीत नाहीत. हा केवळ शाई वाचवण्याचा उद्योग नव्हे. चतुःसीमा पाच ठिकाणी लिहिल्या आणि एका ठिकाणी पूर्वेस ओढा व दुसऱ्या ठिकाणी पूर्वेस रस्ता असे पडले, तर पुढच्या पिढीतला दावा तेथेच जन्मास येतो. ‘सदर’ हा तीन अक्षरी शब्द त्या दाव्याचे मूळच तोडतो.

याहूनही प्राचीन आणि याहून सूक्ष्म असा प्रयोग पाणिनीच्या अष्टाध्यायीत आहे. सुमारे चार हजार सूत्रे, आणि ती इतकी आखूड की नवख्यास प्रत्येक सूत्र तुटके वाटते. कारण एका सूत्रातला शब्द पुढच्या सूत्रांत पुन्हा न उच्चारता चालत राहतो. यास वैयाकरण अनुवृत्ती म्हणतात. तिसऱ्या अध्यायाच्या अगदी आरंभी ‘प्रत्यय’ ही संज्ञा एकदा सांगितली, ती पाचव्या अध्यायाच्या अखेरपर्यंत लागू राहते. पाणिनीने कॉम्प्युटर ओळखला होता असे सांगून टाळ्या मिळवण्याचा आमचा मुळीच विचार नाही. सांगावयाचे ते इतकेच की, थोडक्यात लिहू पाहणाऱ्या आणि परस्परविरोध टाळू पाहणाऱ्या प्रत्येक माणसाला हा प्रश्न भेटतो, आणि पाणिनीला तो भेटला तेव्हा त्याबरोबरच्या अडचणीही भेटल्या. त्या अडचणींकडे आपण पुढे परत येऊ.

कॉम्प्युटरच्या जगात ही युक्ती अनेकांनी अनेक प्रकारे बसवली. १९७६ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत स्टुअर्ट फेल्डमन यांनी ‘मेक’ नावाचा प्रोग्रॅम लिहिला. मोठ्या प्रोग्रॅमचे सुटे भाग योग्य क्रमाने जोडून घेणे हे त्याचे काम. त्याच्या फाइलीत माथ्यावर एखाद्या मूल्यास नाव द्यावे आणि खाली हवे तेथे ते नाव घालावे, अशी सोय होती व आजही आहे. पायथॉन या भाषेबरोबर येणारा कॉन्फिग फाइली वाचणारा भाग दुसरी रीत पाळतो. त्यात ‘डिफॉल्ट’ नावाचा एक विभाग असतो. त्यात लिहिलेली बाब बाकीच्या सर्व विभागांना आपोआप लागू होते, आणि एखाद्या विभागाने आपले वेगळे मूल्य लिहिले तर तेथे ते चालते. एकत्र कुटुंबात वडिलांनी सर्वांसाठी एक नियम घालून द्यावा आणि धाकट्याच्या परीक्षेपुरती त्याला सूट द्यावी, तसला हा प्रकार.

सर्वांत रीतसर व्यवस्था ‘यामल’ या लेखनपद्धतीत आहे. २००१ साली क्लार्क एव्हान्स यांनी तिचा प्रस्ताव मांडला आणि इंगी डॉट नेट व ओरेन बेन-किकी यांच्यासह ती घडवली. आज मोठमोठ्या यंत्रसमूहांचा कारभार जिच्यावर चालतो ती कुबरनेटिस प्रणाली बहुधा यामल फाइलींनी सांभाळली जाते. यामलमध्ये एखाद्या मूल्यापुढे & हे चिन्ह घालून त्यास नाव देता येते. यास ‘अँकर’, म्हणजे जहाजाचा नांगर, म्हणतात. मग अन्यत्र * हे चिन्ह आणि तेच नाव लिहिले की ते मूल्य तेथे येते. यास ‘एलियस’ म्हणतात. आपल्याकडे त्यास ‘उर्फ’ हा उत्तम शब्द आधीपासूनच आहे. आमची पाणीपट्टीची फाइल या रीतीने लिहू. प्रत्यक्षात शब्द व आकडे बहुधा रोमन लिपीत असतात. येथे सर्वांच्या सोयीसाठी मराठीत मांडतो.

समाईक: &समाईक
  पत्ता: नवे-यंत्र
  पोर्ट: ५४३२
  मुदत: ३०

बिले:
  <<: *समाईक

पावत्या:
  <<: *समाईक

अहवाल:
  <<: *समाईक
  मुदत: ३००

दोन बाण असलेली ओळ सांगते की, समाईक गटातल्या सर्व बाबी येथे ओतून घ्या. अहवालाला वेळ जास्त लागतो म्हणून त्याने मुदत तेवढी आपली वेगळी लिहिली. पत्ता व पोर्ट सर्वांचे तेच. आता साठा हलला तर बदलावयाची ओळ एक. ती बदलावयाची राहिली तर तिन्ही प्रोग्रॅम एकदम अडतील, आणि तासाभरात बोभाटा होईल. सर्वांनी मिळून चुकणे हे एकट्याने गुपचूप चुकण्यापेक्षा पुष्कळ बरे, कारण ते दिसते.

याच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत, नाहीतर श्रोत्यांची फसवणूक होईल. पहिली मर्यादा अशी की, नांगर आधी टाकावा लागतो. जे नाव अद्याप आलेले नाही त्याचा उर्फ लिहिता येत नाही. दुसरी, नाव त्या एका दस्तापुरते असते. शेजारच्या फाइलीतले नाव येथे चालत नाही. तिसरी, मूल्य घ्यावयाचे ते सबंध घ्यावे लागते. समाईक पत्ता घेऊन त्याच्या शेवटी आणखी दोन अक्षरे जोडा, असे यामलला सांगता येत नाही. ती सोय पायथॉनच्या त्या भागात आहे, मेकमध्ये आहे. चौथी मर्यादा सर्वांत फसवी. दोन बाणांनी होणारी सरमिसळ वरवरची असते. समाईक गटात ‘नोंदी’ नावाचा पोटगट असून त्यात दोन बाबी असतील, आणि अहवालाने आपल्या ‘नोंदी’त एकच बाब लिहिली, तर दुसरी बाब समाईकातून येत नाही, सबंध पोटगटच बदलला जातो. गिटलॅब या प्रणालीत ‘एक्स्टेंड्स’ नावाची निराळी सोय आहे, ती मात्र पोटगटांच्या आत शिरून सरमिसळ करते. म्हणजे दिसावयास सारख्या दोन रीती, आणि परिणाम वेगळे. शिवाय ही दोन बाणांची खूण यामलच्या मूळ नियमग्रंथाची नव्हेच, ती १.१ या आवृत्तीच्या सोबतच्या एका पुरवणीतली आहे, आणि २००९ च्या १.२ या आवृत्तीच्या ग्रंथात तिला स्थान नाही. पुष्कळ प्रोग्रॅम ती मानतात, काही मानत नाहीत. वापरण्यापूर्वी आपला प्रोग्रॅम कोणत्या पंथाचा आहे हे पाहावे.

आणि विरोध आला तर कोणाचे चालावयाचे? समाईक म्हणते तीस, अहवाल म्हणतो तीनशे. पाणिनीपुढे हाच प्रश्न होता. त्याने एक सूत्रच घालून दिले, आणि परंपरेने त्याचा अर्थ असा घेतला की, दोन तुल्यबळ नियमांत विरोध आला तर नंतरचा नियम बलवान. सामान्य नियम तो उत्सर्ग आणि विशेष तो अपवाद, व अपवादापुढे उत्सर्गाने माघार घ्यावयाची, हाही वैयाकरणांचा पक्का संकेत. कॉन्फिग फाइलींत अपवादाचा संकेत बहुतेक सर्वत्र पाळतात. पण ‘नंतरचा बलवान’ या बाबतीत एकवाक्यता नाही. डॉकर कंपोझ या प्रणालीला दोन फाइली दिल्या तर नंतरची फाइल वरचढ ठरते. यामलच्या दोन बाणांपुढे एकाहून अधिक गट लिहिले तर मात्र आधी लिहिलेला गट वरचढ ठरतो. दोन्ही नियम आपापल्या ठिकाणी ठीक आहेत. पण सकाळी एक आणि दुपारी दुसरा हाताळणाऱ्या माणसाचा गोंधळ होतो, आणि होणारच.

येथे कोणी म्हणेल की, एवढा खटाटोप करण्यापेक्षा ही सोयच नको. असे म्हणणारे लोक आहेत आणि ते मूर्ख नाहीत. डग्लस क्रॉकफर्ड यांनी पुढे आणलेल्या ‘जेसन’ या पद्धतीत असा उर्फ नाही, टीपही लिहिता येत नाही. २०१३ साली टॉम प्रेस्टन-वर्नर यांनी काढलेल्या ‘टॉमल’मध्ये टीप लिहिता येते, पण उर्फ नाही. अशा पद्धतींचा मोठा गुण असा की, जे मूल्य लागू आहे ते तुमच्या डोळ्यांसमोर असते. ते शोधण्यासाठी पाने उलटावी लागत नाहीत. या आग्रहाला अर्थ आहे, आणि त्याचे कारण आता सांगतो.

आतापर्यंत आम्ही एका बाजूचे नुकसान सांगितले. जे एकच आहे ते अनेकदा लिहिले म्हणजे काय होते, ते पाहिले. पण याच्या उलट चूकही आहे, आणि ती हुशार माणसे करतात. दोन मूल्ये सारखी दिसली की ती एकच आहेत असे समजून त्यांची गाठ मारावयाची.

पुन्हा आपल्या नगरपालिकेत जाऊ. बिल भरण्यास ३० दिवसांची मुदत आहे. पैसे भरण्याच्या प्रत्येक प्रयत्नाची नोंद, यशस्वी असो वा अयशस्वी, ३० दिवस ठेवावयाची आहे. एका टापटिपीच्या कार्यकर्त्याने पाहिले की तीस हा आकडा दोनदा आला. त्याने माथ्यावर ‘तीस: ३०’ असे लिहिले आणि दोन्हीकडे त्याचा उर्फ घातला. फाइल सुबक झाली. वर्षभराने नगरपालिकेने ठरवले की बिल पंधरा दिवसांत भरावे. बदलणाऱ्याने एक ओळ बदलली. आता माथ्यावर ‘तीस: १५’ असे विनोदी वाक्य उभे आहे, पण त्यातला विनोद विसाव्या दिवशी संपतो. एक बाई तक्रार घेऊन येतात की खात्यातून पैसे गेले आणि पावती मात्र आली नाही. त्यांच्या प्रयत्नाची नोंद काढावयास जावे, तर ती पंधराव्या दिवशीच पुसली गेली आहे. नोंदी पुसाव्यात असा ठराव कोणी केला होता? कोणीही नाही. दोन तिसांची गाठ ज्याने मारली त्याने तो ठराव न कळत आधीच करून ठेवला होता.

एकच खूण दोन कामांना वापरली म्हणजे काय ओढवते याचे जगातले गाजलेले उदाहरण अमेरिकेतील नाइट कॅपिटल या शेअर-दलाल कंपनीचे. त्यातली खूण कॉन्फिग फाइलीतली नव्हे, ऑर्डरींच्या संदेशातली होती; पण धडा याच जातीचा आहे. या कंपनीच्या प्रोग्रॅमात २००३ पासून न वापरलेला एक जुना भाग पडून होता, आणि तो जागा करणारी एक खूण होती. २०१२ साली नवे काम आले, तेव्हा तीच खूण नव्या अर्थाने वापरावयाचे ठरले. नवा प्रोग्रॅम आठ यंत्रांवर चढवावयाचा होता. तो सातांवर चढला, आठवे राहिले. १ ऑगस्ट २०१२ च्या सकाळी बाजार उघडला. सात यंत्रांनी त्या खुणेचा नवा अर्थ घेतला, आठव्याने जुना. झोपलेला भाग जागा झाला आणि सुमारे ४५ मिनिटांत १५४ कंपन्यांच्या शेअरांचे ४० लाखांहून अधिक सौदे करून बसला. अमेरिकेच्या बाजार-नियंत्रक मंडळाने २०१३ साली दिलेल्या आदेशात तोटा ४६ कोटी डॉलरांहून अधिक असल्याचे नमूद आहे. या एका अपघातात आपल्या दोन्ही चुका हातात हात घालून आल्या. खूण एक आणि अर्थ दोन, ही एक. प्रोग्रॅम एकच असावयास हवा तेथे आठ प्रतींतली एक मागे राहिली, ही दुसरी.

तेव्हा खरा प्रश्न पुनरुक्ती टाळावी की नाही हा नाही. अँड्र्यू हंट आणि डेव्ह थॉमस यांनी १९९९ साली ‘द प्रॅग्मॅटिक प्रोग्रॅमर’ या पुस्तकात पुनरुक्ती टाळण्याचे तत्त्व मांडले, ते या व्यवसायात जपमाळेसारखे म्हटले जाते. पण त्यांचा रोख अक्षरांच्या पुनरुक्तीवर नव्हता, ज्ञानाच्या पुनरुक्तीवर होता. आणि लोकांनी उलटा अर्थ घेतला म्हणून २०१९ च्या आवृत्तीत त्यांना ते पुन्हा स्पष्ट करावे लागले. आमच्या साध्या भाषेत सांगावयाचे तर, सारखे असणे वेगळे आणि एकच असणे वेगळे. एका वर्गात दोन मुलांचे वय दहा असते, म्हणून ती जुळी ठरत नाहीत. गाठ मारण्यापूर्वी एकच प्रश्न विचारावा: उद्या हे बदलले, तर ते बदललेच पाहिजे काय? साठ्याचा पत्ता बिलांसाठी बदलला तर अहवालासाठी बदललाच पाहिजे. तेथे गाठ मारा. बिलाची मुदत बदलली तर नोंदींची मुदत बदललीच पाहिजे असे नाही. तेथे तीस हा आकडा दोनदा लिहा, आणि निःसंकोच लिहा. तेथली पुनरुक्ती हा दोष नसून दोन निर्णय स्वतंत्र आहेत याची ती साक्ष आहे.

आता पाणिनीच्या दुसऱ्या अडचणीकडे येतो. अनुवृत्तीने लिहिणाऱ्याचे श्रम वाचले, वाचणाऱ्याचे वाढले. कोणता शब्द कोठपर्यंत चालत आला हे ठरवण्यास टीकाकार लागले, आणि त्यांच्यातही मतभेद झाले. मधली सूत्रे ओलांडून एखादा शब्द बेडकासारखी उडी मारून पुढे जातो, अशी कल्पना करावी लागली. तिला मंडूकप्लुती असे सुंदर नावही आहे. कॉन्फिग फाइलींतही बेडूक पुष्कळ. अहवालाची मुदत समाईकातून, समाईक मूळ गटातून, मूळ गट आणखी कोठून, अशी चार पायऱ्यांची उतरंड झाली की रात्री दोन वाजता बिघाड दुरुस्त करणाऱ्या माणसाला मूल्य शेवटी किती आहे हेच कळत नाही. दुष्ट माणसे तर या उतरंडीचे शस्त्र करतात. दहा पायऱ्यांची फाइल लिहावयाची, तळाला एक शब्द, आणि प्रत्येक पायरीवर खालच्या पायरीचे दहा उर्फ. फाइल हातभर, पण ती उलगडू लागणाऱ्या प्रोग्रॅमला अब्जावधी शब्द पेलावे लागतात आणि तो गुदमरतो. एक्सएमएल या जुन्या पद्धतीवर ही खोडी प्रथम गाजली, तिला ‘अब्ज हास्ये’ अशा अर्थाचे नाव आहे. २०१९ साली कुबरनेटिसमध्येही याच जातीचा दोष सापडला व दुरुस्त झाला. आता फाइल उलगडताना मर्यादा घालण्याची काळजी घेतात. संस्कृतात अति सर्वत्र वर्ज्य सांगितले आहे. येथे यंत्रानेही तेच सांगितले.

म्हणून जे तरुण या धंद्यात आहेत किंवा शिरू पाहतात, त्यांच्यासाठी थोडे व्यवहाराचे सांगून ठेवतो. नाव द्यावे ते कारणावरून, आकड्यावरून नव्हे. ‘तीस’ हे नाव नव्हे. ‘बिल भरण्याची मुदत’ हे नाव. नाव सुचत नसेल तर ती दोन मूल्ये बहुधा एक नसतात. नाव न सुचणे हीच परीक्षा समजावी. उर्फ आणि मूळ यांत पायऱ्या थोड्या ठेवाव्यात, शक्यतो एकच. समाईक गट फाइलीच्या माथ्यावर, सर्वांना दिसेल असा असावा. जेथे टीप लिहिता येते तेथे, हे दोन एकच का किंवा सारखे दिसूनही वेगळे का, हे एका ओळीत लिहावे. आणि सर्व उर्फ उलगडून अखेरचे मूल्य दाखवण्याची सोय आपल्या प्रणालीत असेल तर बदल केल्यावर ती यादी एकदा डोळ्यांखालून घालावी. खरेदीखतावर सही करण्यापूर्वी दस्त वाचून दाखवतात, तो याचसाठी.

हल्ली प्रोग्रॅम आणि फाइली लिहिण्याचे कामही कृत्रिम बुद्धीकडून करून घेतात. मग ही चिंता यंत्रच वाहील, असे काहींना वाटते. फाइलीत तीस हा आकडा कोठे कोठे आला हे यंत्र क्षणात सांगेल. पण ते दोन निर्णय एकच होते की वेगळे, हे नगरपालिकेच्या ठरावात आणि ठराव करणाऱ्यांच्या हेतूत असते. ते कोणी फाइलीत लिहिलेच नसेल, तर माणसाने काय आणि यंत्राने काय, अंदाजच करावयाचा. हेतू लिहून ठेवणे हे काम शेवटी ज्याचा हेतू आहे त्याचेच.

आणि जे या धंद्यात नाहीत, त्यांनी हे सर्व का ऐकावे? कारण त्या फाइलीच्या दुसऱ्या टोकाला आपण उभे आहोत. पावती हातात असताना “कॉम्प्युटरमध्ये दिसत नाही” हे उत्तर मिळाले, तर ते देवाचे वाक्य नव्हे हे आता आपल्याला ठाऊक आहे. कॉम्प्युटरला सांगणारी एक फाइल असते, ती माणसाने लिहिलेली असते, आणि तिच्यात एक पत्ता दोनदा लिहिलेला असू शकतो. “अहवाल कोणत्या साठ्यावरून निघतो?” असा प्रश्न नागरिकाने शांतपणे विचारावा. तो विचारण्यास प्रोग्रॅम लिहिता यावा लागत नाही. सातबारा वाचताना जी सावधगिरी बाळगतो तेवढी पुरते.